आर्किटेक्चरला जावं का? प्रवेश घेण्याआधी करून बघायच्या गोष्टी

दहावीचा निकाल लागला की माझ्या साताऱ्यातल्या ऑफिसात पाहुणे वाढतात. सोबत मुलगा नाहीतर मुलगी, हातात ड्रॉइंगची फाइल आणि आईबाबांचं ठरलेलं वाक्य : "मॅडम, हिची चित्रकला फार छान आहे. इंटरमिजिएटला ए ग्रेड आहे. आर्किटेक्चरला घालावं म्हणतो." बारावीच्या निकालानंतर पुन्हा तीच गर्दी. तेव्हा घाई जास्त असते, कारण कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, तारखा तोंडावर आलेल्या असतात.

येणाऱ्या प्रत्येकाला मी वेळ देते, पण पाऊण तासाच्या गप्पांत पाच वर्षांचा निर्णय होत नाही. म्हणून एरवी तोंडी सांगते ते इथे सविस्तर लिहिते आहे. माझं म्हणणं असं, की आर्किटेक्चर आपल्याला जमेल का, रुचेल का आणि परवडेल का, हे प्रवेशाआधीच दोन-तीन महिन्यांत, फारसा खर्च न करता तपासता येतं. तेवढे कष्ट घ्या. "स्कोप आहे का?" हा प्रश्न त्यानंतरचा.

चित्रकलेचा प्रश्न आधी मिटवू

चित्रकला चांगली असली तर उपयोगच होतो. पण आर्किटेक्टचं ड्रॉइंग भिंतीवर टांगायला काढलेलं नसतं. समोरच्या गवंड्याने, सुताराने, प्लंबरने त्यावरून काम करावं म्हणून ते काढलेलं असतं. कॉलम कुठे, भिंत किती इंचांची, खिडकीचा सिल (खालची कड) जमिनीपासून किती वर, बाथरूमचा उतार कोणत्या कोपऱ्याकडे, हे सगळं त्यात लिहावं लागतं. निसर्गचित्र सुंदर काढणारी मुलं या कामाला वैतागलेली मी पाहिली आहेत. ज्याला माणसाचं नाक धड काढता येत नाही, पण सायकल सुटी करून पुन्हा जोडता येते, असा मुलगा इथे रमलेलाही पाहिला आहे.

प्रसिद्ध आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी पुण्यातले. घरचा व्यवसाय फर्निचरचा. लाकूड कसं जोडलं जातं हे बघतच ते वाढले आणि मग मुंबईला जे. जे. मध्ये आर्किटेक्चर शिकायला गेले. वास्तुकलेतलं सर्वोच्च मानलं जाणारं प्रिट्झकर पारितोषिक त्यांना २०१८ साली मिळालं, वयाच्या नव्वदीत. हा पेशा किती सावकाश फळतो, हेही त्यावरून लक्षात घ्या. तेव्हा मुलाची ग्रेड बघण्यापेक्षा वस्तू कशी बनते याचं त्याला कुतूहल आहे का, ते बघा.

दुसरा गोंधळ वास्तुशास्त्राचा. ईशान्येला देवघर आणि आग्नेयेला स्वयंपाकघर, हे शिकायला कोणी पाच वर्षं कॉलेजात जात नाही. तिथे डिझाइन, बांधकाम तंत्र, स्ट्रक्चर्स, वास्तुकलेचा इतिहास, हवामान, पाणी-वीज-ड्रेनेज, एस्टिमेटिंग, वर्किंग ड्रॉइंग असे विषय असतात. शेवटच्या वर्षी थिसिस, आणि मधलं किमान एक सत्र ऑफिसात ट्रेनिंग. एकूण दहा सत्रं.

पहिली परीक्षा : घर मोजा

साहित्य म्हणजे पाच मीटरचा टेप, आलेखवही, पेन्सिल आणि टेपचं दुसरं टोक धरायला घरातलं कोणीतरी. राहतं घर मोजून १:५० च्या प्रमाणात, म्हणजे घरातला एक मीटर कागदावर दोन सेंटिमीटर, असा प्लॅन काढायचा. प्रत्येक खोलीची लांबी, रुंदी आणि दोन्ही कर्ण. भिंतींची जाडी. दारं कुठल्या बाजूला उघडतात, खिडक्या किती उंचीवर आहेत. जिना असेल तर पायऱ्या मोजा, एका पायरीची उंची आणि पाऊल ठेवायची रुंदीही मोजा.

गेल्या उन्हाळ्यात एका अकरावीतल्या मुलीला मी हे काम दिलं. चौथ्या दिवशी ती रडवेली होऊन आली. प्लॅन जुळत नव्हता. बाहेरून मोजलेली घराची लांबी आणि आतल्या खोल्या व भिंतींची बेरीज यांत अकरा-बारा सेंटिमीटरचा फरक पडत होता. तिने सगळ्या आतल्या भिंती सारख्याच जाडीच्या धरल्या होत्या. मी म्हटलं, "दारापाशी जा आणि प्रत्येक भिंत चौकटीजवळ मोज." दुसऱ्या दिवशी फोन आला. स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामधली भिंत नऊ इंची निघाली, बाकीच्या आतल्या भिंती साडेचार इंची. मग तिने आजीला विचारलं. आजी म्हणाली, "अगं, तिथेच घर संपायचं. मागे परडं होतं. स्वयंपाकघर तुझ्या बाबांच्या लग्नाच्या वेळी वाढवलं." जुनी बाहेरची भिंत आता घराच्या पोटात आलेली होती. फोनवर ते सांगताना तिचा आवाज इतका फुलला होता, की आर्किटेक्चरबद्दल पुढे काही विचारायची मला गरजच राहिली नाही.

सगळ्यांचं असं होईल असं नाही. काहींना चार दिवस टेप धरून कंटाळा येतो, आकडे न जुळण्याचं काहीच वाटत नाही, "साधारण बरोबर आहे ना, मग झालं" असं म्हणून ती मोकळी होतात. यात कमीपणा काही नाही. पण पाच वर्षं रोज हेच करायचं आहे, हे समजून घ्या.

प्लॅन जमला तर पुढचं पाऊल. घरातली एकच अडचण निवडा. आजीला रात्री बाथरूमला जायला दोन उंबरे ओलांडावे लागतात, किंवा वॉशिंग मशीन ठेवायला जागाच नाही, असं काहीतरी. भिंत न पाडता त्यावर तीन वेगवेगळे तोडगे काढा. त्यातला एक जुन्या वहीच्या पुठ्ठ्यातून मॉडेल करून घरच्यांसमोर ठेवा. ते चुका काढतील. "इथे कपाट उघडणारच नाही," असं आई म्हणेल, आणि तिचं बरोबर असेल. मग पुन्हा करा. दुसऱ्या वेळी करताना मनात काय येतं, त्याकडे लक्ष ठेवा. राग येतो की "थांब, आता कळलं" असं होतं? प्रवेश परीक्षेच्या गुणांपेक्षा हे उत्तर मला जास्त खरं वाटतं.

दुसरी परीक्षा : आठवडाभर ऑफिसात, एक दिवस साइटवर

ओळखीच्या आर्किटेक्टकडे आठवडाभर बसायची परवानगी मागा. ओळख नसेल तरी मागा, बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. मासिकात झळकणारं मोठं ऑफिस शोधू नका. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावचं तीन-चार माणसांचं ऑफिस यासाठी उत्तम, कारण पदवीनंतर बहुसंख्य मुलं अशाच कामाला लागतात.

तिथे डिझाइनचं काम दिवसातून फार तर दोन तास चालतं. बाकीचा वेळ फोन, नगरपालिकेच्या फाइलीतली त्रुटी, टाइल्सचा साठा संपला म्हणून बदललेला नमुना, आणि "मॅडम, मिसेसना किचन आता पूर्वेला हवंय" म्हणून आठव्यांदा बदललेला प्लॅन, यात जातो. महाराष्ट्रात मुंबई आणि काही भाग सोडता २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. एफएसआय (प्लॉटच्या प्रमाणात किती बांधता येतं), सामासिक अंतरं (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा), पार्किंग यांचा हिशोब तिच्यातून बसवावा लागतो. कोणीतरी तो बसवत असेल तर शेजारी बसून बघा. आकड्यांचं हे कोडं कंटाळवाणं वाटतं की गमतीचं?

शक्य असेल तर स्लॅब भरायच्या दिवशी साइटवर जा. आदल्या दिवशी सळईची तपासणी असते, तीही बघा. कव्हर ब्लॉक (सळई काँक्रीटच्या आत राहावी म्हणून तिच्याखाली ठेवायचे तुकडे) लावलेत का, वायरिंगचे पाइप पडलेत का, खिडकीवरचा छज्जा ड्रॉइंगप्रमाणे आलाय का. मिक्सर सुरू झाल्यावर थांबता येत नाही. ऊन, सिमेंट, आरडाओरडा, आणि चूक सापडली तर ती आत्ताच्या आत्ता सांगायची.

मुलींसाठी थोडं वेगळं लिहिते, कारण मी त्यातून गेले आहे. सुरुवातीची काही वर्षं ठेकेदार माझ्याशी बोलायचा सोडून शेजारी उभ्या असलेल्या ड्राफ्ट्समनशी बोलायचा. मला बघून मिस्त्री म्हणायचे, "साहेब कधी येणार?" हे हळूहळू बदलतं, तेही काम येत असेल तरच. ओळंबा हातात घेऊन भिंत अर्धा इंच बाहेर गेलेली दाखवली, की दुसऱ्या दिवसापासून प्रश्न तुम्हालाच विचारले जातात. तोवर टिकावं लागतं, आणि घरच्यांनी "संध्याकाळी साइटवर कशाला?" म्हणून अडवून चालत नाही. पालकांनी हे आधीच ठरवावं.

तिसरी परीक्षा : जुरी बघा

आर्किटेक्चर कॉलेजात डिझाइन हा मुख्य विषय. त्याचा पेपर वर्गात बसून लिहायचा नसतो. आपण केलेली शीट्स भिंतीवर लावायची, मॉडेल टेबलावर ठेवायचं आणि शिक्षकांसमोर, बाहेरून आलेल्या आर्किटेक्टसमोर आपण असं का केलं ते सांगायचं. याला जुरी म्हणतात. सत्राच्या शेवटी कुठल्याही कॉलेजात जा, विनंती केली तर मागे उभं राहून बघू देतात.

माझ्या दुसऱ्या वर्षाची एक जुरी मी विसरलेले नाही. विषय तालुक्याच्या एस.टी. स्टँडचा होता. तीन आठवडे खपून मी १:२०० चं मॉडेल केलं होतं, वर लाटेसारखं छप्पर. बाहेरून आलेल्या जुरर सरांनी छप्पर हलकेच उचलून बाजूला ठेवलं. माझा खोडरबर घेतला आणि म्हणाले, "ही तुझी एस.टी. आता ही फलाटाला लाव." खोडरबर आत नेला, वळवला आणि मागे घेताना तो सरळ कॉलमवर आपटला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा आपटला. सर काही बोलले नाहीत, खोडरबर माझ्या हातात दिला. त्या दिवशी होस्टेलवर जाऊन मी खूप रडले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर जाऊन उभी राहिले आणि दुपारपर्यंत ड्रायव्हर गाडी कशी मागे घेतात तेवढंच बघितलं.

जुरीत सगळेच असे शिकवणारे नसतात. मुलांना सगळ्यांसमोर लागेल असं बोलणारे, मॉडेल फाडणारेही असतात, आणि ते चूकच आहे. तो अपमान सोसणं म्हणजे शिक्षण, असं मी म्हणणार नाही. पण चांगल्या कॉलेजातल्या चांगल्या जुरीतही तुमचं काम मोडलंच जातं. टीका कामावर आहे, आपल्यावर नाही, हे वेगळं करता येणं गरजेचं आहे. ज्या मुलांना मनाचा त्रास आधीपासून आहे, त्यांनी आणि त्यांच्या पालकांनी सबमिशनच्या आठवड्यातली जागरणं नीट विचारात घ्यावीत.

चौथी गोष्ट : आठ वर्षांचा हिशोब

पालक पाच वर्षांची फी मोजतात आणि थांबतात. हिशोब आठ वर्षांचा करा, पाच शिक्षणाची आणि निदान तीन पगार अंगी लागेपर्यंतची.

समजण्यासाठी एक उदाहरण मांडते. यातले आकडे मी धरलेले आहेत, तुमच्या कॉलेजचे घालून पुन्हा करा. खासगी कॉलेजची फी वर्षाला दीड लाख धरली तर पाच वर्षांचे ७.५ लाख. बाहेरगावी राहणं-जेवण महिना १२,००० रुपये, वर्षातले दहा महिने, म्हणजे ६ लाख. बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्डचा लॅपटॉप ९०,०००. कागद, माउंट बोर्ड, सनबोर्ड, फेविकॉल, कटरची पाती, ए१ आकाराचे प्रिंट यांचे महिना २,५०० धरले तर सव्वा लाख. चार स्टडी टूरचे ६०,०००. एकूण सव्वासोळा लाख. प्रिंट आणि मॉडेलचा खर्च माहितीपत्रकात कुठेच नसतो, पण सबमिशनच्या रात्री तोच घरी फोन करायला लावतो.

आता दुसरी बाजू. यातल्या १० लाखांचं कर्ज काढलं, व्याज १०.५ टक्के आणि फेड दहा वर्षांत, तर हप्ता साधारण १३,५०० रुपये बसतो. शिकत असतानाचं साचलेलं व्याज त्यावर वेगळं. नवीन आर्किटेक्टचा पहिला पगार याच्याशी ताडून बघा. तो आकडा माझ्याकडून घेऊ नका. तुमच्या जिल्ह्यात गेल्या दोन वर्षांत पदवी घेतलेल्या तीन मुलांना विचारा, आणि पुण्या-मुंबईत नोकरीला लागलेल्या तिघांना विचारा. २००६ साली माझा पहिला पगार ५,००० रुपये होता आणि पुण्यातल्या खोलीचं माझ्या वाट्याचं भाडं त्यातले १,८०० घ्यायचं. ट्रेनिंगच्या सत्रात तर एका ऑफिसने मला एक रुपयाही दिला नव्हता, उलट लोकलचा पास माझा मीच काढत होते. आता विद्यावेतन देणारी ऑफिसं वाढली आहेत, पण गृहीत धरू नका, आधी विचारा.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा : शेत किंवा घर गहाण ठेवून महागड्या खासगी कॉलेजात आर्किटेक्चर करू नका. सरकारी किंवा अनुदानित जागा मिळाली, किंवा फीची सवलत मिळाली, तर सगळा हिशोब बदलतो. महाराष्ट्रात कॅपमधून प्रवेश घेतलेल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आहे. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना, उत्पन्नाची तीच अट पाळून, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरायचा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला ही माफी नाही. घाईघाईत संस्थेच्या पातळीवर प्रवेश घेऊन ही सवलत हातची घालवलेली कुटुंबं मी पाहिली आहेत, फार वाईट वाटतं.

आर्किटेक्टशिवाय घरं बांधता येतात, मग पदवी कशाला?

रास्त प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर कायद्यात आहे. वास्तुविशारद कायदा १९७२ चा. पदवीनंतर वास्तुकला परिषदेकडे नोंदणी केल्यावरच स्वतःला 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येतं. पण २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की कायद्याने 'आर्किटेक्ट' या नावाला संरक्षण दिलं आहे, इमारतीचं डिझाइन करण्यावर इतरांना बंदी घातलेली नाही. म्हणजे छोट्या गावात तुमची स्पर्धा दुसऱ्या आर्किटेक्टशी नसते. सिव्हिल इंजिनियर प्लॅन काढून देतो, मंजुरीही आणतो. ठेकेदार तर म्हणतो, "काम मला द्या, प्लॅन फुकट."

हे कळल्यावर काही पालकांचा चेहरा पडतो. पण नोंदणीला स्वतःची किंमत आहेच. महारेराखालच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाकडे नोंदलेल्या, प्रकल्पात बँकेतून पैसे काढायला बिल्डरला काम किती झालं याचं आर्किटेक्टचं प्रमाणपत्र लागतं, त्यासोबत इंजिनियरचं आणि सीएचं. सार्वजनिक बांधकाम विभागात मुख्य वास्तुशास्त्रज्ञांचं (म्हणजे चीफ आर्किटेक्टचं) स्वतंत्र कार्यालय आहे, केंद्राच्या बांधकाम खात्यात, म्हणजे सीपीडब्ल्यूडीत, आर्किटेक्टची पदं आहेत. नगररचना विभागातल्या पदांच्या एमपीएससी परीक्षेलाही ही मुलं बसतात. खासगीत बिल्डरकडे, इंटिरियरमध्ये, बाहेरदेशच्या प्रकल्पांसाठी इथे बसून रेव्हिट या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या कंपन्यांत, मालिका-चित्रपटांच्या सेटवर अशा वाटा आहेत. नगररचना, लँडस्केप, जुन्या वास्तूंचं जतन यांसाठी पुढे दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण घ्यावं लागतं. कॉलेजात शिकवायचं असेल तरी ते लागतंच.

स्वतःचं ऑफिस टाकायचं स्वप्न असेल तर आणखी एक कौशल्य लागतं, ते कॉलेजात जवळजवळ शिकवत नाहीत : फी मागणं. ओळखीतली कामं, "घरचंच आहे" म्हणून अर्धवट राहिलेले पैसे, मंजुरी मिळताच बंद झालेले फोन. हे सोसून ज्याचं ऑफिस दहा वर्षं चालतं, त्याला मग कामाची चिंता राहत नाही, असा माझा अनुभव आहे. घरचा आधार किंवा जोडीदाराचा पगार नसता तर माझी ती दहा वर्षं निघाली नसती, हेही सांगायला हवं.

परीक्षा आणि कॉलेज

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. गणितासह तीन वर्षांचा डिप्लोमा केलेल्यांनाही दार उघडं आहे. टक्क्यांची अट आणि तिसऱ्या विषयाचे पर्याय अलीकडे बदलले आहेत, म्हणून ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्याच वर्षीचं माहितीपत्रक वाचा.

परीक्षा मुख्यतः दोन. वास्तुकला परिषदेची नाटा, २००६ पासून चालू आहे. आणि जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर, ज्यात गणित, कल आणि ड्रॉइंग असतं. महाराष्ट्राच्या कॅपमध्ये दोन्हींचे गुण चालतात. नागपूरचं व्हीएनआयटी किंवा दिल्ली, भोपाळ, विजयवाडा इथल्या एसपीए (केंद्राच्या नियोजन आणि वास्तुकलेच्या संस्था) हव्या असतील तर जेईईच द्यावी लागते. खरगपूर आणि रुरकीच्या आयआयटीसाठी जेईई अॅडव्हान्स्ड आणि त्यावर वेगळी कलचाचणी. नाटाच्या अलीकडच्या पद्धतीत चित्राबरोबर दिलेल्या साहित्यातून त्रिमितीय रचनाही करायला लावतात. महागडा क्लास लावायच्या आधी जुने प्रश्न घरी सोडवून बघा. घराच्या मॉडेलचा सराव इथे कामी येतो.

कॉलेज निवडताना सगळ्यात आधी वास्तुकला परिषदेच्या संकेतस्थळावर त्या वर्षाची मान्यता आणि मान्य जागा तपासा. मान्यता नसलेल्या पदवीवर नोंदणी होत नाही, मग सगळंच फुकट. मुंबईत जे. जे., प्रभादेवीची रचना संसदेची अकादमी, जुहूचं कमला रहेजा, पुण्यात मुलींसाठी भानुबेन नानावटी, पणजीला आल्तिनोवरचं गोवा कॉलेज ही नावं तुम्ही ऐकली असतील. यादीत पुढे कितीतरी कॉलेजं आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी दरवर्षी जागा रिकाम्या राहतात. रिकाम्या जागा भरायला येणाऱ्या फोनना भुलू नका.

प्रत्यक्ष जा, शक्यतो सबमिशनच्या आठवड्यात. चकचकीत प्रवेशद्वार बघू नका, दुसऱ्या वर्षाचा स्टुडिओ बघा. मुलं आहेत का, की सगळी घरी पळालीत? भिंतींवर या वर्षीचं काम आहे की पाच वर्षांपूर्वीचं? शिकवणाऱ्यांपैकी किती जण स्वतः काम करतात? लाकूडकामाची कार्यशाळा उघडी असते की कुलूपबंद? कुठला वाडा किंवा मंदिर मुलं यंदा मोजून आली, ते विचारा. आम्हाला वाईजवळ मेणवलीला नेलं होतं, नाना फडणवीसांच्या वाड्यात. आठ दिवस शिडी, टेप आणि धूळ. तुळई खांबावर कशी बसते ते मी पुस्तकातून नाही, तिथे हात लावून शिकले. अशी सहल ज्या कॉलेजात फक्त फोटो काढण्यापुरती होते, तिथे बाकी शिक्षणही तसंच असतं, असं मी अनुभवावरून म्हणते.

जमेल असं वाटत नसेल तर

बांधकामाची आवड आहे, पण डिझाइनचं मोडणं-जोडणं नको, त्याने सिव्हिल करावं. चार वर्षांत होतं आणि नोकरीच्या परीक्षा जास्त. घराच्या आतलं सजवणं आवडतं तर इंटिरियर डिझाइन आहे. शहर, रस्ते, पाणी यांचा विचार आवडत असेल तर बी.प्लॅन, त्यासाठी जेईईचा वेगळा पेपर. घरची परिस्थिती लवकर कमवायला लावणारी असेल तर आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा दोन वर्षांचा कोर्स करा. माझ्या ऑफिसातले सगळ्यात भरवशाचे सहकारी आयटीआय केलेले आहेत आणि नवीन आर्किटेक्ट वर्किंग ड्रॉइंग त्यांच्याकडूनच शिकतात. आणि ज्याला खरोखर चित्रंच काढायची आहेत, त्याला कृपा करून ललित कलेला जाऊ द्या. इंटरमिजिएटची ए ग्रेड तिथेच खरी शोभते.

प्रवेश घेऊन झाला आहे आणि मन लागत नाही, अशांसाठी. पहिल्या दोन महिन्यांत सगळ्यांनाच चुकल्यासारखं वाटतं, कारण बारावीपर्यंत एकच बरोबर उत्तर शोधायची सवय असते आणि इथे कोणी ते सांगत नाही. पहिल्या सत्राची जुरी होईपर्यंत थांबा. त्यानंतर स्वतःला विचारा, की जागरणाचा कंटाळा आला आहे, की समोरच्या कामाचा? जागरण वेळेच्या नियोजनाने बरंच कमी होतं, वरच्या वर्गातली मुलं युक्त्या सांगतात. कामाचाच कंटाळा असेल तर पहिल्या वर्षाअखेर बाहेर पडा. तिसऱ्या वर्षी केटी, म्हणजे मागे राहिलेले विषय, साचल्यावर बाहेर पडणं फार महागात जातं, पैशांनी आणि मनानेही. त्या वेळी आईबाबांनी "लोक काय म्हणतील" हा विषय घरात काढू नये, एवढी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे. मुलाला घेऊन कोणत्याही दुपारी माझ्याकडे या. येताना ड्रॉइंगची फाइल नको, पहिल्या सत्राची शीट्स आणा, लाल पेनाच्या खुणांसकट.